माऊथपीस निवडताना ऐकावे कोणाच्या कानाने?

प्रश्न : तीन वर्षांपासून मी आल्टो सॅक्सोफोन शिकत आहे. वाद्यासोबत यामाहाचा ४सी माऊथपीस, म्हणजे तोंडात धरून फुंकायचा भाग, मिळाला होता. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत मनोहारी सिंग यांचा जो भरीव आणि गोड आवाज ऐकू येतो, त्याच्या थोडे जवळ जाता यावे म्हणून अलीकडे धातूचा एक महागडा माऊथपीस मागवला. त्यावर आवाज मोठा येतो, परंतु तो कानाला टोचतो, खालचे स्वर फुटतात आणि वरचे चढे लागतात. आता धातू सोडून एबोनाइटचा (कडक रबराचा) माऊथपीस घ्यावा काय?
— एक वाचक, मिरज

उत्तर : एबोनाइटचा जरूर घ्यावा, परंतु केवळ तो एबोनाइटचा आहे म्हणून घेऊ नये. आवाज टोचण्याचे कारण आपण धातूत शोधत आहात. ते बहुधा माऊथपीसच्या पोटात आहे. रीड म्हणजे माऊथपीसवर बसवलेली, फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी; तिच्यासमोर आतल्या छताचा जो भाग येतो त्याला बॅफल म्हणतात. हे छत रीडच्या अगदी जवळ असेल, आणि त्यामागची पोकळी, म्हणजे चेंबर, लहान असेल, तर वरचे उपस्वर ठळक होऊन आवाज धारदार बनतो. छत खोल आणि चेंबर मोठे असेल, तर तीच फुंकर गोलाई घेऊन येते. आल्टोपेक्षा मोठ्या टेनर सॅक्सोफोनसाठी ओटो लिंक कंपनीचे धातूचे माऊथपीस प्रसिद्ध आहेत. जॅझ वादक जॉन कोल्ट्रेन तेच वापरत असत. त्यांपैकी अनेकांचे चेंबर मोठे असल्यामुळे त्यांचा आवाज धातूचा असूनही दाट लागतो. आपण मिरजेचे आहात, तेव्हा तंबोऱ्याची जवारी काढताना पाहिलेच असेल : घोडीचा पृष्ठभाग किंचित घासला तरी तारेचा सगळा नाद पालटतो. माऊथपीसच्या टोकाशी असलेली वक्रता अशीच नाजूक असते आणि तेथे मिलिमीटरच्या दहाव्या भागालाही किंमत असते.

वरचे स्वर चढण्याचे कारणही याच पोकळीत सापडू शकते. सॅक्सोफोनची नळी म्हणजे टोक कापलेला शंकू आहे, आणि त्या कापलेल्या टोकाची भरपाई माऊथपीसमधील पोकळीने करायची असते. ही पोकळी फार लहान पडली की स्वर जुळवण्यासाठी माऊथपीस नळीच्या तोंडावरील कॉर्कवर बराच बाहेर ओढावा लागतो आणि मग सप्तकांमधील अंतर बिघडू लागते. म्हणून आवाजाच्या रंगाआधी सुरेलपणा तपासावा. प्रत्येक माऊथपीस एका मधल्या स्वरावर ट्यूनरशी जुळवून घ्यावा आणि नंतर खालच्या बी फ्लॅटपासून वरपर्यंत ट्यूनरकडे न पाहता सावकाश वाजवावे. मधूनमधून थांबून तोच स्वर धरून काटा पाहावा. ओठांनी सतत ओढून स्वर जागेवर आणावा लागत असेल, तर आवाज कितीही मोहक असो, तो माऊथपीस बाजूला ठेवावा.

आकड्यांबाबत सावध राहावे, कारण माऊथपीसवरील क्रमांकाला सर्व कंपन्यांत एकच अर्थ नाही. आल्टोसाठी यामाहाच्या ५सीचे टोक सुमारे १.७० मिलिमीटर उघडे असते, म्हणजे टोक आणि रीड यांच्यात तेवढी फट असते, तर मेयरच्या ५ क्रमांकाचे सुमारे १.८० मिलिमीटर. आपला ४सी सुमारे १.६० मिलिमीटरचा आहे. टोक जितके जास्त उघडे, तितका श्वास आणि ओठांचा ताबा जास्त लागतो आणि रीड सहसा मऊ घ्यावी लागते. खालचे स्वर फुटतात ते बॅफलमुळेच असे नाही. टोकाच्या उघडेपणाशी न जुळणारी रीड हेही कारण असू शकते. म्हणून नवा माऊथपीस नापास करण्यापूर्वी त्यावर अर्ध्या क्रमांकाने मऊ रीड लावून पाहावी.

आपल्याला हव्या असलेल्या आवाजासाठी मी मध्यम चेंबरचा, खोल बॅफलचा आणि १.७० ते १.८० मिलिमीटर उघडा माऊथपीस सुचवेन. मेयर ५ आणि सेल्मर एस८० सी स्टार हे दोन्ही समोर ठेवून वाजवून पाहण्यासारखे आहेत. यांत मेयरकडे माझा कल आहे, कारण त्यावर सुगम गीताची चाल मोकळी वाटते. सेल्मरचा आवाज अधिक आवरलेला असतो.

तुलनेची पद्धत मात्र काटेकोर हवी. लिगचर, म्हणजे रीड घट्ट धरणारा पट्टा, एकच वापरावे आणि प्रत्येक माऊथपीसवर दोन क्रमांकांच्या रीड लावून पाहाव्यात. तुलनेत आपला जुना ४सी अवश्य ठेवावा. आधी अगदी हलके, लांब स्वर, मग सप्तकाची उडी आणि शेवटी एक संथ चाल, एवढेच प्रत्येकावर वाजवावे. तीन-चार मीटर अंतरावर फोन ठेवून ध्वनिमुद्रण करावे, कोणता माऊथपीस कोणत्या क्रमांकाला आहे हे मित्राला लिहून ठेवायला सांगावे आणि दुसऱ्या दिवशी न बघता ऐकावे. वाजवणाऱ्याला वरच्या दातांतून हाडांमार्गे कंप जाणवतो आणि श्रोत्यापर्यंत तो पोहोचत नाही. त्यामुळे तोंडाशी भव्य वाटणारा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाला कोरडा निघतो, आणि कधी उलटही घडते. दातांखाली रबराची पातळ चकती चिकटवली तर हा भ्रम काहीसा कमी होतो आणि माऊथपीसवर दातांच्या खुणाही पडत नाहीत.

प्रश्न : जुना एबोनाइट माऊथपीस मिळाला आहे. तो हिरवट-तपकिरी झाला असून त्याला वास येतो. गरम पाण्यात धुवावा काय?
— एक वाचक, पणजी

उत्तर : गरम पाणी वापरू नये. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर असते. प्रकाशाने त्याचा रंग बदलतो आणि उष्णतेने वास व रंग दोन्ही आणखी बिघडतात. थंड किंवा जेमतेम कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. रंगापेक्षा टोकाची कडा भिंगाखाली पाहावी. तिला खपली उडालेली असेल तर रीड तेथे नीट बसत नाही आणि तो माऊथपीस जाणत्या कारागिराकडून दुरुस्त करून घेतल्याशिवाय वाजवून पाहण्यात अर्थ नाही.