बॅरलमध्ये पेट्रोल किती गेलं?

प्रश्न : ऊस ओढायच्या ट्रॅक्टरसाठी आम्ही शेडात डिझेलचा बॅरल ठेवतो. पुतण्यानं अंधारात त्यात पेट्रोलचा कॅन ओतला. किती ओतलं ते त्याला सांगता येत नाही. आता बॅरलात सुमारे 130 लिटर आहे. ओळखीच्या पेट्रोल पंपावरून हायड्रोमीटर (डेन्सिटी मोजायची तरंगती काचेची नळी) आणून बघितलं. दुपारी 30 अंशाला 797 दाखवतंय. पेट्रोल किती गेलं असेल? थोडं नवीन डिझेल मिसळून चालवता येईल का?
— एक शेतकरी, तालुका खानापूर

उत्तर : दादा, ट्रॅक्टरात ते अजून घातलं नाही ना? घातलं असेल तर चावी फिरवू नका, आधी टाकी रिकामी करा.

आता हिशेब. पंपावरच्या फलकावर असते ती डेन्सिटी, म्हणजे हजार लिटरचं किलोतलं वजन, 15 अंशाची, तुमचा आकडा 30 अंशाचा. डिझेल तापलं की अंशामागे साधारण 0.7 नं हलकं होतं. म्हणजे तुमचे 797 हे 15 अंशाला 808 च्या आसपास. डिझेलच्या बिलावर 829 आणि पेट्रोलच्या बिलावर 744 असेल असं धरू. दोन्हींत फरक 85 चा, तुमचं मिश्रण डिझेलपेक्षा 21 नं हलकं. 21 भागिले 85, म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा. 130 लिटरात 32 लिटर पेट्रोल. कॅन 35 लिटरचा असेल तर ताळा बसला.

पण इथंच माणसं फसतात. डिझेलची डेन्सिटी साधारण 820 ते 845 मध्ये कुठंही असू शकते. मूळचं डिझेल 820 चं असेल तर हेच उत्तर 16 टक्के येतं आणि 845 चं असेल तर 37! म्हणून पुस्तकातला आकडा घेऊ नका. त्याच खेपेचं डिझेल ट्रॅक्टरच्या टाकीत शिल्लक असेल तर ते घ्या, त्याच पंपाचं पेट्रोल घ्या, आणि बॅरल ढवळून मधल्या थरातला नमुना घ्या. तिन्ही एकाच सावलीत तासभर ठेवा आणि एका दमात मोजा. मग तापमानाची दुरुस्तीच लागत नाही. हायड्रोमीटरच्या दांडीपाशी डिझेल किंचित वर चढतं. ती चढलेली कड सोडून सपाट पातळीवरचा आकडा वाचा.

हायड्रोमीटर परत दिलं असेल तर अर्ध्या लिटरची काचेची बाटली पुरते. एकच बाटली, दर वेळी तोंडोतोंड भरायची, पुसून कोरडी करायची आणि 0.1 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलायची. एक टक्का पेट्रोलनं अर्ध्या लिटरचं वजन सुमारे 0.4 ग्रॅम घटतं, तेवढं त्या काट्यावर दिसतं.

एक मात्र ध्यानात ठेवा. डेन्सिटी फक्त हलकेपणा सांगते, नाव सांगत नाही. रॉकेल मिसळलं तरी आकडा खाली येतो. तुमच्याकडे पेट्रोलच गेलंय हे माहीत आहे म्हणून हा हिशेब चालतो.

नवीन डिझेल मिसळायचं म्हणाल तर 32 लिटर पेट्रोल दोन टक्क्यांवर आणायला एकूण 1,600 लिटर लागेल. नाद सोडा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मी बावीस वर्षं पंप-नोझलचं, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या पंपांचं काम केलं. पेट्रोल गेलेला एक पंप उघडला तेव्हा आतल्या आरशासारख्या प्लंजरवर (दट्ट्यावर) उभे ओरखडे होते, नखाला लागतील असे. अशा पंपाला वंगण डिझेलचंच, आणि पेट्रोल ते धुऊन काढतं. पंपाचं बिल त्या बॅरलभर डिझेलपेक्षा कितीतरी मोठं होतं हो. त्या मालकाचा चेहरा अजून आठवतो.

आणि मला तुमच्या पंपापेक्षा त्या शेडाची काळजी जास्त वाटते. डिझेलची वाफ पेटायला निदान 35 अंश लागतात, पेट्रोलची शून्याखाली 40 लासुद्धा पेटते. पाव हिस्सा पेट्रोल असलेला बॅरल म्हणजे पेट्रोलचाच बॅरल. आजच बूच घट्ट करून तो गोठा, चूल आणि मोटारीच्या स्टार्टरपासून लांब, उघड्यावर सावलीत न्या. वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. विहिरीकडे किंवा ओढ्यात एक थेंबही सोडू नका, खराब तेल घेणाऱ्या परवानाधारकालाच द्या. मोजलेल्या नमुन्यांच्या बाटल्याही घरात ठेवू नका.