घरपट्टीचं बिल वाचणारी मुलगी

प्रश्न : मी नगरपरिषदेतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. उपदान (ग्रॅच्युइटी) आणि शिल्लक रजेच्या रोखीकरणाचे पैसे तीन हप्त्यांत मिळाले, तेही दीड वर्षाने. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, नगरपरिषदेत लेखापाल व्हायचं म्हणते. तिजोरीत खडखडाट, वर नगरसेवकांचा जाच, शिवाय बदलीची नोकरी म्हटली की चांगली स्थळं फिरकत नाहीत. मी तिचे बँकेचे फॉर्म भरून टाकलेत. परवा घरपट्टीचं बिल घेऊन बसली आणि मलाच सांगते, ‘बाबा, यातला शिक्षण कर आपल्या नगरपरिषदेचा नाहीच.’ नको तिथे डोकं घालते. तिला समजवा.

उत्तर : तिला काय समजावू? ती बरोबर बोलली. शिक्षण कर नगरपरिषद गोळा करते आणि शासनाकडे भरते. शिव्या मात्र त्या आकड्यासाठीही नगरपरिषदच खाते. बिलाची एकूण रक्कम सगळेच बघतात. ओळ न् ओळ वाचणारं पोर मला वर्षाकाठी एखादं भेटतं. तुमच्या पत्रातली सगळ्यात आशादायक गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे.

हप्त्यांचा तुमचा राग खरा आहे. हक्काच्या पैशांसाठी आपल्याच कार्यालयात खेटे घालावे लागणं अपमानाचंच. पण तो हिशेब तुमचा आणि नगरपरिषदेचा. तो मुलीच्या परीक्षेतून वसूल करू नका. फॉर्म ‘भरून टाकलेत’ म्हणता, तिला विचारलं होतं का? आणि बदलीचं म्हणाल तर बँकेत बदली होत नाही असं कुणी सांगितलं? अधिकारी झाली तर परराज्यातही जावं लागेल. बदली ऐकून परत फिरणारं स्थळ परत फिरलेलंच बरं.

आता ‘पैसाच नाही, तर लेखापाल करणार काय?’ हा गैरसमज. तुम्हाला जकात नाका आठवत असेल. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि हातचं उत्पन्न गेलं. तेव्हापासून पगारासाठी शासनाच्या सहायक अनुदानाकडे डोळे. केंद्राच्या वित्त आयोगाचा पैसा येतो, पण बांधून येतो. १५व्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी दहा लाखांखालच्या लोकसंख्येच्या शहरांना जे अनुदान ठरवलं, त्यातलं ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवलं. शिवाय अट घातली : लेखे ऑनलाइन प्रसिद्ध करा, मालमत्ता कराचा किमान दर ठरवा आणि वसुली वाढवून दाखवा, नाहीतर अनुदान नाही. म्हणजे कॅशबुक आणि बँकेचा ताळमेळ रखडला, लेखे वेळेत बंद झाले नाहीत, की हक्काचा पैसाही अडकू शकतो. तंगीच्या काळात लेखापाल बिनकामाचा होत नाही, उलट त्याच्याच टेबलाकडे सगळे बघतात. तुमचं उपदान एका फटक्यात का निघालं नाही, हेही कदाचित त्याच टेबलावर कळलं असतं.

नगरसेवकांबद्दल मात्र मी तुमच्याशी वाद घालणार नाही. बरीच वर्षं प्रशासक होते, डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांसाठी मतदान झालं, आता सभागृह पुन्हा भरलंय. चार वर्षांनी होणारी फेरआकारणी आली की घरपट्टी वाढू नये म्हणून मोर्चे निघतील आणि त्याच तोंडाने रस्ता का नाही म्हणून विचारतील. थकबाकीवर महिना दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, ती माफ करा म्हणून फोन येतील. ठेकेदाराचं बिल ‘आजच काढा’ म्हणून कुणीतरी समोर येऊन बसेल. तेव्हा ‘मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) आणा, मग बघू’ हे आवाज न चढवता म्हणता येईल का, हे तिने स्वतःला विचारावं. नाही म्हणाली, तर मीच तिला दुसरी वाट सुचवेन.

मार्ग थोडक्यात : नगरपरिषद राज्य संवर्गात लेखापरीक्षक व लेखापाल सेवा आहे, पदवीधराला स्पर्धा परीक्षेतून जाता येतं. राज्यसेवा परीक्षेतून मुख्याधिकारी, म्हणजे नगरपरिषदेचा प्रशासकीय प्रमुखही होता येतं. जाहिरात दरवर्षी निघेल या भ्रमात राहू नका. पदं मंजूर करताना आस्थापना खर्च, म्हणजे पगार-भत्त्यांचा खर्च, मर्यादेच्या आत आहे का हे शासन बघतं, त्यामुळे जागा रिकाम्या राहतात आणि कंत्राटी माणसं भरली जातात. कंत्राटी जागा मात्र तिने घेऊ नये. सही तिची आणि अधिकार दुसऱ्याचा, असं तिथे सहज होतं. बँकेची परीक्षाही द्यावी, अभ्यास बराचसा सारखाच आहे. पण ती दुसरी पसंती म्हणून, तुमची शिक्षा म्हणून नव्हे.

तोवर एक काम. तुमच्या नगरपरिषदेच्या मागच्या तीन वर्षांच्या अर्थसंकल्पाच्या प्रती मिळवा; जुनी ओळख असेल, तिथे ती खर्च करा. घरपट्टीचा अंदाज किती धरला होता आणि प्रत्यक्ष जमा किती झाली, एवढे दोन रकाने तिला शेजारी-शेजारी मांडू द्या. जिथे तफावत दिसेल तिथलं कारण तुम्हाला माहीत असेल, तेवढं सांगा, बाकी गप्प बसा. पुढचं पत्र तिने लिहावं.