पाणी चढेल तेव्हाही तिथेच राहा

अनेक आशीर्वाद.

ॲमेझॉनच्या माशांवर काम करायला ब्राझीलमधल्या मानाउसला जायचं तू पक्कं केलंस, याचा फार आनंद झाला. तुझा संशोधनाचा आराखडा नीट वाचला आणि नमुने गोळा करण्याच्या तारखांपाशी थांबले. सगळं काम तू सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये बसवलं आहेस. त्यामागचा हिशेब कळतो. तेव्हा पाणी ओसरलेलं असतं, मासे उरल्यासुरल्या तळ्यांत दाटीनं राहतात, जाळी भरून निघतात. पण त्यातून हाती येईल ती जातींची यादी. एवढ्या जाती तिथे जगतात कशा, हे कळायला जूनचं पाणी बघावं लागेल.

मानाउसपाशी नदी दर वर्षी साधारण १० मीटर चढते आणि उतरते. काठचं जंगल महिनोन् महिने पाण्यात उभं असतं आणि मासे नदी सोडून झाडांमध्ये शिरतात. पहिल्या पावसात भातखाचरांत येणारे चढणीचे मासे तू कोकणात लहानपणापासून पाहिले आहेस. तिथे तशीच धाव अफाट जंगलात चालते आणि चांगली काही महिने टिकते. वोल्फगांग युंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडलं की अशा नद्यांमधलं जीवन मुख्यतः या चढ-उतारावर पोसलं जातं. तुझ्या कामाचा पाया हाच असू दे.

तांबाकी हा एकच मासा वर्षभर पाहिलास तरी पुष्कळ शिकशील. त्याचे दात दाढांसारखे असतात. पुरात बुडालेल्या जंगलात तो रबराच्या झाडाची कडक बी फोडून खातो. फळांतल्या बारीक बिया मात्र त्याच्या पोटातून शाबूत बाहेर पडतात आणि मोठा मासा त्या काही किलोमीटर दूर नेऊन टाकतो. पाणी उतरलं की खाणं तुटतं, मग तो साठवलेल्या चरबीवर दिवस काढतो. पाण्यात ऑक्सिजन घटला तर काही तासांत त्याचा खालचा ओठ वाढून पुढे येतो आणि पृष्ठभागाजवळचं, त्यातल्या त्यात ऑक्सिजन असलेलं पाणी तो तोंडात घेतो. तीन महिन्यांत यातला एखादाच तुकडा दिसेल. शिवाय मासेमारीत आधी पकडले जातात ते मोठे तांबाकी, आणि बिया सर्वांत दूर नेणारेही तेच. जंगलाचं यात काय नुकसान होतं, हा प्रश्न मला जातींच्या मोजणीपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. (आपल्या बाजारात रूपचंद म्हणून विकतात तो याचा जवळचा भाऊबंद, तोही मूळचा तिथलाच.)

आणखी एक. रोहू, कटला, महसीर यांवर तुझी नजर तयार झाली आहे, पण दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत कार्प कुळातला एकही मासा मूळचा नाही. ती जागा पिरान्हा आणि टेट्रांच्या गोतावळ्यानं, नाना तऱ्हेच्या कॅटफिशनी आणि विजेच्या लहरींनी अंधारात वाट शोधणाऱ्या सुरीमाशांनी भरली आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या गोड्या पाण्यात मिळून ६,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि दर वर्षी नव्यांची भर पडते. म्हणून ओळख पटवण्याची घाई करू नकोस. मानाउसच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत, इन्पामध्ये, माशांचा मोठा संग्रह आहे. पहिले काही आठवडे तिथेच बस, बरण्या उघड, दात आणि कल्ले पाहा.

आंदीजमधून गाळ आणणारं गढूळ पाणी, नेग्रो नदीचं काळं आम्ल पाणी आणि तापाजोस, शिंगू या नद्यांचं नितळ पाणी यांतला फरक वाचून तुला ठाऊक आहेच. प्रत्येक नमुन्यासोबत पाण्याचा प्रकार आणि त्या दिवशीची पातळी लिहीत जा, एवढंच सांगते.

एका ठिकाणी बसून सगळं दिसत नाही, हेही ध्यानात ठेव. दोउराडा नावाचा मोठा कॅटफिश आंदीजच्या पायथ्याशी अंडी घालतो. पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत थेट समुद्राजवळच्या मुखापर्यंत जातात, तिथे वाढतात आणि मग उलट प्रवासाला लागतात. जाऊन-येऊन ११,००० किलोमीटरांहून जास्त. माशाच्या कानातल्या खड्यात साठलेल्या स्ट्राँशियम या मूलद्रव्यावरून हा प्रवास वाचता येतो. ॲमेझॉनला मिळणाऱ्या मादेइरा नदीवर सांतो आंतोनियो आणि जिराऊ ही धरणं उभी राहिली आणि त्या वाटेवर अडसर आला. अशा माशाचं भवितव्य एका देशाच्या हातात नसतं.

पाण्याचं वेळापत्रकही आता बिघडतं आहे. मानाउसला १९०२ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा पूर २०२१ मध्ये आला आणि २०२३ व २०२४ मध्ये पाणी लागोपाठ नीचांकाला गेलं. म्हणून एक पूर्ण वर्ष हे मी कमीत कमी मानते.

मच्छीमारांबरोबर राहा. पिरारुकू या भल्यामोठ्या माशाला हवेत श्वास घ्यायला वर यावं लागतं. तो वर येतो त्या क्षणावरून जाणते मच्छीमार तळ्यातले मासे मोजतात. मामिराउआ या ॲमेझॉनमधल्या राखीव क्षेत्रातल्या गावांनी १९९९ पासून अशा मोजणीवरच किती मासे धरायचे ते ठरवलं आणि तिथे पिरारुकू पुन्हा वाढला. हे ज्ञान त्यांच्या बोलीतच मिळेल, तेव्हा पोर्तुगीज आजपासून शिकायला लाग. नमुने गोळा करायला परदेशी संशोधकाला ब्राझीलच्या संस्थेमार्फत परवानगी घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो. तारखा बदलून आराखडा पाठव, म्हणजे अर्जाचं पत्र मी लगेच लिहीन.