धामापूरच्या तळ्यातल्या जिवाणूंपासून नवं औषध मिळू शकतं का?

मिळू शकतं, आणि मालवण तालुक्यातलं हे तळं शोधायला नक्कीच योग्य आहे. स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक (जंतू मारणारं औषध) 1943 मध्ये मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. त्या जिवाणूचे भाऊबंद, म्हणजे अ‍ॅक्टिनोमायसीट, गोड्या पाण्याच्या तळाशी गाळातही राहतात, पण मातीच्या मानाने तिथे शोध कमी झालाय.

गाळ वाळवून किंचित तापवला की भराभर वाढणारे जिवाणू बरेचसे मरतात आणि बीजाणू (कठीण काळ सोसणाऱ्या सुप्त पेशी) करणारे, म्हणजे आपल्याला हवे असलेले, टिकतात. ते वाढवायचे, द्रावकाने अर्क काढायचा, रोगजंतूंवर तपासायचा. इथवरचं काम चांगल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतही होतं.

खरी अडचण पुढे आहे. अर्क जंतू मारतो म्हणून आनंद व्हावा, तर बहुतेकदा आत जुनंच, माहीत असलेलं रसायन निघतं. म्हणून मास स्पेक्ट्रोमेट्रीने रेणूचं वजन काढून आधीच्या नोंदींशी ताडून पाहणं लवकर करा. माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची पायरी. जीनोम, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए, वाचला तर जिवाणू प्रयोगशाळेत बनवत नाही अशा संयुगांची जनुकंही दिसतात. रेणूची रचना शेवटी एनएमआरने, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत मोजणाऱ्या तंत्राने, ठरते.

व्यावसायिक वापराचा विचार असेल तर जैवविविधता कायदा, 2002 आधी वाचा. नमुना घेण्यापूर्वी ग्रामपंचायतीशीही बोला.