मुलांच्या पुस्तकांमुळे देशाची ओळख खरंच घडते का?

घडते, आणि कधी कधी पुस्तक त्यासाठीच लिहून घेतात. स्वीडनचंच बघा. शाळेत भूगोलाला गोडीचं पुस्तक हवं म्हणून शिक्षक संघटनेने लेखिका सेल्मा लागरलोफ यांना गळ घातली. १९०६-०७ मध्ये निल्सची गोष्ट दोन भागांत आली: वीतभर झालेला खोडकर पोरगा हंसाच्या पाठीवरून थेट उत्तरेकडच्या लापलँडपर्यंत देश पाहतो. नॉर्वे १९०५ सालीच स्वीडनपासून वेगळा झालेला. उरलेला देश मुलांना असा वरून, शेतं-खाणी-जंगलांसकट दिसला. (हालांड प्रांत मात्र जेमतेम उल्लेखावर आटोपलाय. तिथल्या पोरांना काय वाटलं असेल!) पुढे लेखिका आणि निल्स दोघेही २० क्रोनरच्या नोटेवर आले. २०१५ साली नोट बदलली, तर तिथे आल्या आस्ट्रिड लिंडग्रेन. त्याही बालसाहित्यिकच.