ब्रिटनमध्ये मास्टर्स केल्यावर कॉर्पोरेट कम्युनिकेशनमध्ये नोकरी मिळेल का?

बीएमएम (मास मीडियाची पदवी) झालंय, कंपनीच्या कॉर्पोरेट कम्युनिकेशन विभागात, म्हणजे कंपनीच्या वतीने बाहेर आणि आत संवाद साधणाऱ्या विभागात, पाच वर्षांचा अनुभव आहे, आता ब्रिटनमध्ये एका वर्षाचं मास्टर्स करून तिथेच नोकरी करावी का, असं तुम्ही विचारलंय. जरूर या. मीही याच वाटेने आले आणि आज लंडनमध्ये हेच काम करते. फक्त विद्यापीठ निवडायच्या आधी व्हिसाचं गणित मांडा.

शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा असायचा. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना १८ महिनेच मिळणार आहेत. पुढे राहायचं तर स्किल्ड वर्कर व्हिसा लागतो. त्यासाठी स्पॉन्सर करणारी कंपनी हवी आणि पगार साधारणपणे वर्षाला किमान ४१,७०० पौंड. विद्यार्थी किंवा ग्रॅज्युएट व्हिसावरून येणाऱ्यांना सुरुवातीला यात सवलत आहे, तरी छोट्या पीआर (जनसंपर्क) एजन्सीत हे जुळणं कठीण. म्हणून रँकिंग बघत बसण्याआधी सरकारी संकेतस्थळावरची परवानाधारक स्पॉन्सर कंपन्यांची यादी चाळा.

आता कामाबद्दल. कॉलेजात आपण प्रेसनोट लिहायला शिकतो, फेस्टिव्हलचं पीआर करतो, ओळखीच्या पत्रकारांना फोन लावतो. ते सगळं पुढे उपयोगी पडतंच. पण इथल्या लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीत शेअरच्या भावावर परिणाम करणारी बातमी आधी कुणाच्या कानात सांगायची सोय नाही. ती नियामक बातमीसेवेवरून, म्हणजे कंपन्यांच्या अधिकृत घोषणा प्रसिद्ध करणाऱ्या सेवेवरून, सगळ्यांना एकदमच जाते, आर्थिक निकाल असले तर बहुधा सकाळी सातला. आदल्या संध्याकाळी वित्त, कायदा आणि आम्ही मसुद्यातलं एकेक विशेषण तपासतो. 'भक्कम वाढ' लिहिलं की वित्तवाली विचारते, कशाच्या तुलनेत? आकडा दाखवता आला नाही, तर 'भक्कम' जातं. मला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो. तुम्ही गुंतवणूकदारांसाठी काही लिहिलं असेल तर अर्जात ते सगळ्यात वर ठेवा.

सीआयपीआर ही इथली जनसंपर्क व्यावसायिकांची संस्था, १९४८ सालची. विद्यार्थी असतानाच सभासद व्हा, ओळखी तिथूनच होतात.

राजीनामा देण्याआधी तुमचं प्रसिद्ध झालेलं काम परवानगी घेऊन गोळा करा: वार्षिक अहवालातली पानं, निवेदनं, अंतर्गत पत्रिका. प्रत्येकाखाली दोन ओळीत लिहा, अडचण काय होती आणि तुम्ही काय केलंत. लॅपटॉप परत केला की यातलं काहीच हाताशी राहत नाही.