निशाण गुंडाळता कामा नये

प्रश्न : ताई, माझी मुलगी नववीत आहे, कथक शिकते. रिओच्या कार्निव्हलचे व्हिडिओ बघून तिला सांबा या ब्राझीलच्या नाचावर शाळेचा प्रकल्प करायचाय. आजोबा म्हणतात, "नुसती पिसं आणि उघडी अंगं, ह्यात परंपरा कसली?" त्यांना काय सांगू?
— एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आजोबांना विल्मा नासिमेंतोबद्दल सांगा. पोर्तेला ही रिओतली 1923 सालची सांबा मंडळी, म्हणजे कार्निव्हलच्या मिरवणुकीत स्पर्धेला उतरणारा संघ. निळा-पांढरा रंग, चिन्ह गरुडाचं. तिचं निशाण विल्माने वर्षानुवर्षं मिरवलं आणि लोकांनी तिला हंस म्हटलं.

निशाण धरणारी ती पोर्ता-बांदेरा. घेरदार, पायघोळ झगा घालून ती गिरक्या घेते. सांबाची पावलं तिने टाकायचीच नाहीत, असा दंडक आहे. जोडीदार मेस्त्रे-साला तिच्याभोवती फिरत निशाणाचा मान राखतो. कापड काठीला गुंडाळलं की परीक्षक गुण कापतात. या जोडीचे गुण स्वतंत्र धरतात, त्यामुळे हजारो जण मागे नाचत असले तरी या दोघांच्या चुकीने पहिला नंबर हुकू शकतो. जोतिबाच्या यात्रेत सासनकाठी नाचवणाऱ्याची नजर शेंड्यावरून हलत नाही ना, तीच एकाग्रता इथे. आजोबांना हे लगेच पटेल.

पिसांच्या नर्तकींनाही कमी लेखू नका हं, त्यांची मेहनत मोठी आहे.

तुमच्या कथकवालीला मर्सेडिस बाप्तिस्ता जवळची वाटेल. रिओच्या म्युनिसिपल थिएटरच्या बॅले संचात 1948 मध्ये आलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. 1963 मध्ये साल्गेरो मंडळीच्या मिरवणुकीत तिने चक्क मिन्युएट हे युरोपातलं दरबारी नृत्य बसवलं. सांब्यात हे कशाला, म्हणून टीका झाली, पण त्या वर्षी साल्गेरोच जिंकली. मर्सेडिसच्या स्वतःच्या नृत्यसंचात नाचलेल्या मानोएल दियोनिझिओंनी 1990 मध्ये निशाणाच्या जोड्या घडवणारी शाळा काढली. तिथे लहान मुलंही शिकतात. नृत्य शिकवणारी म्हणून मला या शाळेचं फार अप्रूप आहे. प्रकल्पात ती यायलाच हवी.

आणि लेकीला नुसतं लिहायला लावू नका. हलक्या काठीला जुन्या साडीचा तुकडा बांधून गच्चीवर गिरक्या घेऊ दे, आधी उजवीकडे, मग डावीकडे. दिशा बदलताना कापड गुंडाळतं, तिथेच खरी कसोटी. गुण द्यायला आजोबांना बसवा.